टॉमकॅट १०: पान उघडतं, सर्व्हलेट मात्र ४०४

दिंडोरीच्या मामांसाठी द्राक्षबागेच्या फवारणीची नोंदवही जाव्हात केली. नाशिकला माझ्या लॅपटॉपवर, टॉमकॅट ९ वर (जाव्हातली वेब-अ‍ॅप्स चालवणारा सर्व्हर), सुरळीत चालायची. मामांच्या संगणकावर टॉमकॅट १०.१ टाकला. पहिलं पान उघडायचं, पण 'जतन करा' दाबलं, म्हणजे काम सर्व्हलेटकडे (विनंती हाताळणारा जाव्हा कोड) गेलं, की ४०४, 'सापडलं नाही'.

पोर्ट बदलून पाहिला, टॉमकॅट बंद-चालू केला, पत्त्यातलं स्पेलिंग तपासलं. दोन रविवार गेले, मामा वहीतच लिहीत राहिले. लॉगमध्ये एकही एरर नाही, हेच फसवं.

कारण असं की, टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या पॅकेजचं (कोडच्या गटाचं) नाव 'जाव्हाएक्स'ऐवजी 'जकार्ता' झालंय. जुन्या नावाचं अ‍ॅनोटेशन (सर्व्हलेटचा पत्ता सांगणारी कोडमधली खूण) त्याच्या लेखी नसतंच, मग तक्रार कशाची करणार!

आधी टॉमकॅट बंद केला. प्रत्येक सर्व्हलेटच्या इम्पोर्टमध्ये 'जाव्हाएक्स डॉट सर्व्हलेट'चं 'जकार्ता डॉट सर्व्हलेट' केलं. फक्त तेवढंच, 'जाव्हाएक्स डॉट एसक्यूएल' मूळ जाव्हाचं आहे, मी तेही सरसकट बदललं आणि बिल्ड फुटला. मग मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या पॉम फाइलमधली (लागणाऱ्या लायब्ररींची यादी) जुनी सर्व्हलेट एपीआय काढून जकार्ताची ६.०.० घातली, स्कोप 'प्रोव्हायडेड', म्हणजे ती टॉमकॅटच पुरवतो. मेव्हनचं क्लीन, मग पॅकेज. 'वेबअ‍ॅप्स'मधली जुनी वॉर (अख्ख्या अ‍ॅपची बांधलेली फाइल) आणि तिच्याच नावाचं उलगडलेलं फोल्डर, दोन्ही उडवली. नवी वॉर ठेवून टॉमकॅट सुरू केला. नोंद जतन झाली.

कोडला हात लावायचा नसेल, तर 'वेबअ‍ॅप्स'शेजारी 'वेबअ‍ॅप्स-जाव्हाईई' नावाचं फोल्डर करून जुनी वॉर त्यात टाका. टॉमकॅट १० स्वतःच ती बदलून घेतो. फोल्डरचं नाव अर्थात इंग्रजीत, लहान अक्षरांत.