जुनी गाडी पुरात बुडालेली तर नाही ना?

पाण्याखाली गेलेली गाडी धुऊन-पुसून विकायला आली की वरून काहीच कळत नाही. सीटबेल्ट मात्र खरं सांगतो.

१. पुढचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. एरवी आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ किंवा ओलीचे डाग सापडतात. एकच पट्टा नवाकोरा दिसला तर तो का बदलला ते विचारा.
२. सीटखालच्या रुळांचे बोल्ट टॉर्चने पाहा; गंज नको.
३. डिकीतली स्टेपनी काढून खळगा चाचपा. कोपऱ्यात चिखल राहतोच.

काचा १० मिनिटं बंद ठेवून वास घ्या. उग्र परफ्यूम असेल तर आणखी सावध.

इंजिन आज सुरळीत चाललं म्हणून टोकन देऊ नका. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी त्यांना हळूहळू गंजवतं आणि बिघाड काही महिन्यांनी दिसतो.