घरची आठवण आणि नवी मैत्री: मुलांसाठी चित्रपुस्तक कसे तयार करावे

मुंबईत दर जून महिन्यात कितीतरी मुलांच्या वाट्याला नवी शाळा, नवी खोली आणि नवे शेजारी एकदमच येतात. अशा चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी घरच्या आठवणीचे आणि मैत्रीचे चित्रपुस्तक पालकांना किंवा शिक्षकांना स्वतः तयार करता येते. त्यासाठी चित्रकलेत फार गती नसली तरी चालते. मात्र त्या मुलाला नेमके काय आठवते, हे धीराने ऐकून घ्यावे लागते.

सुरुवात कथानकापासून न करता वस्तूंपासून करावी. ‘तिला गावाची खूप आठवण येत होती’ या वाक्याने लहान मुलाच्या डोळ्यांसमोर काहीही उभे राहत नाही. सावंतवाडीजवळच्या गावातून लालबागच्या चाळीत आलेली सात वर्षांची मुलगी आपली नायिका आहे असे समजू. तिला आठवतो तो पडवीच्या कडेला पाय धुण्यासाठी ठेवलेला तांब्या, कौलांवर वाजणारा पाऊस आणि आजीच्या गोधडीचा उसवलेला कोपरा, जो रोज झोपताना चिमटीत धरायची तिला सवय होती. यांपैकी एकच गोष्ट निवडून ती पुस्तकभर अधूनमधून दिसू द्यावी. गोधडी गावीच राहिली असेल, तर मुंबईत ही मुलगी कधी फ्रॉकचे, कधी चादरीचे, कधी पडद्याचे टोक चिमटीत धरलेली दिसेल आणि मजकुरात त्याविषयी एक अक्षरही नसेल. चित्राने सांगितलेले शब्दांनी पुन्हा सांगू नये, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण वाचता न येणारे मूल चित्रच न्याहाळत असते आणि वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाच्या आधी ते टोक त्यालाच सापडते.

गाव हिरवेगार आणि मुंबई करड्या रंगाची, असे मात्र रंगवू नये. ज्या मुलाला इथेच राहायचे आहे, त्याच्यावर तो अन्याय होतो. पहाटे नळाला पाणी आले की चाळीत बादल्यांचा जो खणखणाट सुरू होतो, तो पहिल्या दिवशी तिला दचकवून उठवील. तोच प्रसंग पुस्तकाच्या शेवटाकडे पुन्हा काढावा आणि तेव्हा ती स्वतःची छोटी कळशी घेऊन रांगेत उभी असावी.

मैत्रीच्या भागात अधिक काळजी घ्यावी लागते. मित्र भेटला, दोघे हसले आणि आठवण पळाली, अशी गोष्ट मुलांना पटत नाही, कारण आठवण तशी जात नाही हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. मित्राने त्या आठवणीची चौकशी करावी. समोरच्या खोलीतला मुलगा विचारतो, “तुझ्या घरी पाऊस कसा वाजतो गं?” ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी वाजवून दाखवते आणि तोही वाजवू लागतो. या मुलालाही काहीतरी हवे असले पाहिजे, नाहीतर तो केवळ दयाळू मदतनीस होऊन बसतो. त्याचा दादा संध्याकाळी क्लासला जातो आणि गॅलरीत खेळायला कोणी उरत नाही, एवढे कारण पुरेसे आहे.

आता पानांची आखणी. चित्रपुस्तके बहुधा ३२ पानांची असतात. ए-४ आकाराचे ८ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की तेवढी पाने मिळतात. पहिली ३ पाने शीर्षक, इतर माहिती आणि अर्पणपत्रिकेसाठी ठेवावीत व ३२वे पान मलपृष्ठ म्हणून सोडावे. मग ४ ते ३१ या पानांत समोरासमोरच्या १४ जोड्या गोष्टीसाठी उरतात. कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज नेहमी ३३ होते: ३२ आणि १, २ आणि ३१, याप्रमाणे. समोरासमोर येणारी आणि अखंड कागदावर असणारी आतली जोडी १६-१७ हीच असते, म्हणून सर्वांत मोठे, दोन्ही पाने व्यापणारे चित्र तिथेच घ्यावे. नव्या खोलीतली पहिली रात्र तिथे एकाही शब्दावाचून यावी, असे मी सुचवीन. उत्सुकता वाढवणारे वाक्य उजव्या पानाच्या शेवटी ठेवावे, म्हणजे उत्तरासाठी पान उलटावेच लागते. एकूण मजकूर ५०० शब्दांच्या आत असावा.

रंगवण्याआधी पेन्सिलीचा कच्चा नमुना चार-पाच मुलांना वाचून दाखवावा. ‘आवडले का’ असे विचारू नये; मुले भिडेखातर हो म्हणतात. ती कोणत्या पानावर मागे जातात आणि कुठे इकडेतिकडे पाहू लागतात, त्याची नोंद ठेवून तिथला मजकूर आधी कमी करावा. जाड कागद अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या दुकानांत मिळतो. मधल्या घडीवर टाचण्या मारण्यासाठी लांब हाताचा स्टेपलर लागतो. तो नसल्यास दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवावे, आणि गाठ बाहेरच्या बाजूला न ठेवता १६ व १७ या पानांच्या मधल्या घडीत घ्यावी.