जुन्या गाडीत कार्पेट घालण्यापूर्वी

ठाणे आणि नवी मुंबईत खाडीची दमट, खारट हवा वर्षभर असते, म्हणून प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडरसारख्या गाडीच्या आतल्या कामाला पावसाळा पूर्ण सरल्यावरच हात घालावा. सीट आणि जुने कार्पेट काढून फरशीचा पत्रा उघडा करावा, गंज तारेच्या ब्रशने खरवडून त्यावर इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा अस्तराचा रंग) द्यावा आणि पाणी निचरण्याच्या छिद्रांवरील रबरी बुचे तपासावीत. पुढच्या काचेच्या किंवा दरवाजांच्या रबरातून पाणी झिरपत असेल, तर ते आधी थांबवावे. अन्यथा पुढचा सारा खर्च पाण्यात जाईल.

कंप कमी करण्यासाठी अॅल्युमिनियमचा थर असलेले ब्युटाइल (चिकट, जड रबर) शीट संपूर्ण पत्र्यावर चिकटवण्याची गरज नसते. सपाट, थरथरणाऱ्या भागाचा साधारण 25 ते 30 टक्के भाग झाकला आणि रोलरने घट्ट दाबला, तरी पुरते. उष्णता आणि रस्त्याचा आवाज अडवण्याचे काम मात्र वेगळे असल्याने, इंजिनामागील पत्रा आणि गिअरबॉक्सवरील उंचवटा यांवर बंद छिद्रांचा, म्हणजे पाणी न शोषणारा, नायट्राइल रबर फोम लावावा. तागाचा नमदा स्वस्त आणि मूळ गाडीला शोभणारा असला, तरी तो ओल धरून ठेवतो. आपल्याकडे तो टाळलेलाच बरा.

कार्पेट कापण्यापूर्वी पुठ्ठ्याचे साचे करावेत, सुरुवात मधल्या उंचवट्यापासून करावी आणि पायाखालचे तुकडे गोंदाऐवजी टिचबटणांनी बसवावेत, म्हणजे पावसाळ्यात ते काढून वाळवता येतात.