सायकलमध्ये हवा भरताना या चुका टाळा

पंप घ्यायला निघालात? थांबा. आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन आपल्या सायकलचा व्हॉल्व्ह बघून या. साध्या काळ्या सायकलला डनलॉप व्हॉल्व्ह असतो, आत रबरी वॉलट्यूब असलेला. एमटीबीला (माउंटन बाइकला) बहुधा मोटरसायकलसारखा जाड श्रेडर, तर रोड बाइकला आणि या दोन्हींच्या मधल्या बऱ्याच हायब्रीडना सडपातळ प्रेस्टा. पंपाचं तोंड यातल्या कशावर बसतं हे न विचारता पैसे मोजणं ही सगळ्यात महागातली चूक.

‘पंप नवा, पंक्चर नाही, तरी हवा जातच नाही’ ही तक्रार बहुतेक प्रेस्टावाल्यांची. टोकावरची बारीक ढिबरी सैल करायची राहून जाते. ती सैल करून बोटाने एकदा दाबा. फुस्स झालं की आत चिकटलेला व्हॉल्व्ह सुटला. मग पंपाचं तोंड सरळ बसवून खटका लावा. काढतानाही सरळच ओढा, नाहीतर ती नाजूक दांडी वाकते. काढताना जो आवाज होतो तो बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा. घाबरून पुन्हा भरत बसू नका.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून जाताना पेट्रोल पंपावरच्या हवेचा मोह होतोच. तिथला कॉम्प्रेसर मात्र गाड्यांसाठी. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते किती? दोन-चार सेकंद जास्त धरलं तर ट्यूब फाटू शकते. प्रेस्टाला तर पितळी अडॅप्टरशिवाय ते नोझल बसतच नाही.

अंगठ्याने दाबून ‘टाइट आहे’ म्हणणं सोडा. ६० आणि ९० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) अंगठ्याला सारखेच लागतात. टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो, पण तोही बहुधा कमाल मर्यादा असते. दर वेळी तिथपर्यंत भरायलाच हवं असं नाही. एमटीबीला साधारण ३० ते ५० पुरतात, रोड बाइकला बहुधा ८०च्या वर लागतात. येऊरच्या ओल्या चढणीवर जरा कमी हवा पकड देते. फार कमी केलीत तर खड्ड्यात रीम ट्यूबला चिमटा काढते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. पावसाळ्यातले आपले खड्डे बघता हे सांगायला नकोच.

माझं मत विचाराल तर घरी दाब दाखवणाऱ्या काट्याचा, पायाने दाबून धरायचा उभा पंप हवाच. बॅगेत छोटा पंप ठेवा, पण नळीवाला; बिननळीचा हलवताना व्हॉल्व्ह मुळाशी फाटू शकतो आणि तिथे पॅच बसत नाही. हाताला जोर नसेल तर बॅटरीवरचा इन्फ्लेटर सगळ्यात सोपा. आकडा लावा, तो स्वतःच बंद होतो. फक्त चार्ज करायला विसरू नका, आणि पहाटे पाचला नवी मुंबईच्या पाम बीच रोडला निघताना तो बेडरूमच्या दाराशी सुरू करू नका, आवाजाने घर जागं होईल. सीओटू काडतूस (कार्बन डायऑक्साइड भरलेली छोटी नळकांडी) वाटेतल्या अडचणीपुरतं ठीक. तो वायू ट्यूबमधून लवकर झिरपतो, म्हणून घरी येऊन साधी हवा भरा.

डनलॉपवाल्यांनो, पंपाच्या काट्यावर फार विसंबू नका. वॉलट्यूबच्या अडथळ्यामुळे तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. हवा रोज रात्रीत उतरत असेल तर ट्यूब बाहेर काढण्याआधी व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर आधी ढिबरी आवळा, तरीही येत राहिले तर वॉलट्यूब बदला.