‘क्लीव्ह’चा अर्थ लावताना या चुका टाळा

‘क्लीव्ह’ हे इंग्रजी क्रियापद रोजच्या बोलण्यात क्वचितच येतं. जुन्या गद्यात, कवितेत आणि विज्ञानाच्या पुस्तकांत मात्र भेटतं. चिरणं, दुभंगणं हा त्याचा एक अर्थ, तर घट्ट चिकटून राहणं हा दुसरा. कोशात आधी दिसला तो अर्थ उचलून वाक्यात बसवणं ही सर्रास होणारी चूक, आणि तिने वाक्य पार उलटं होतं.

अर्थ ठरवण्याआधी क्रियापदापुढे काय आलंय ते बघा. ‘टू’ किंवा ‘अन्टू’ हे शब्दयोगी असेल तर चिकटणं. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, पुरुष आईवडिलांना सोडून पत्नीला ‘क्लीव्ह अन्टू’ करतो. म्हणजे तिला धरून राहतो. इथे फारकत वाचली तर सगळंच बिघडलं. घशाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटते, तिथेही हेच क्रियापद. याउलट थेट कर्म असेल, म्हणजे कुऱ्हाड ओंडक्याला किंवा जहाज पाण्याला ‘क्लीव्ह’ करत असेल, तर चिरणं, कापत जाणं. ऐकताना मात्र जपा: ‘क्लीव्ह इन टू’मधला ‘टू’ हा आकडा आहे, म्हणजे दोन तुकडे.

एकाच शब्दाचा अर्थ काळाच्या ओघात उलटला, असंही पुष्कळांना वाटतं. तसं नाही. जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती. उच्चार आणि स्पेलिंग पुढे एक झालं. त्यामुळे दोन्ही अर्थांना जोडणारा धागा शोधत बसू नका.

भूतकाळाची रूपंही मनाने बदलू नयेत. दुभंगलेल्या टाळूला ‘क्लेफ्ट’च म्हणतात, गाईच्या दुभागलेल्या खुराला ‘क्लोव्हन’च. ‘क्लीव्हेज’ हे नाम फक्त फुटण्याच्या बाजूचं. भूशास्त्रात त्याला मराठीत पाटन म्हणतात: अभ्रकाचे पातळ, सपाट पापुद्रे सुटतात ते त्यामुळेच. खनिज कसंही वेडंवाकडं फुटलं तर ते पाटन नव्हे. भ्रूणविज्ञानात मात्र हाच शब्द फलित अंड्याच्या सुरुवातीच्या पेशीविभाजनासाठी येतो, तिथे पाटन लिहू नका.

शेवटी ‘क्लोव्ह’. लसणाच्या पाकळीचा ‘क्लोव्ह’ या चिरण्याच्याच कुळातला. लवंगेचा नाही, तो फ्रेंचमधल्या खिळ्याच्या शब्दावरून आला, आणि लवंगेचा आकार पाहिला की कारण कळतं.