आषाढीनंतर फोन गप्प होतो: खान्देशातल्या गायक-वादकांनो, या चुका टाळा

आषाढी एकादशी झाली की आमच्या लाइनीतले फोन गप्प होतात. तुळशीच्या लग्नापासून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढपर्यंत ज्याला जेवायला सवड नव्हती, तो कीबोर्डवाला जुलैत टपरीवर चहा पीत आपलेच जुने व्हिडिओ बघत बसलेला असतो. तो कीबोर्डवाला मीच. अमळनेर, पारोळा, एरंडोल, धरणगाव या पट्ट्यात वीस वर्षं वाजवतोय. हळदी, ऑर्केस्ट्रा, भजनसंध्या, अहिराणी गाण्यांची रेकॉर्डिंग, सगळं केलं. या काळात चांगल्या हाताची कितीतरी पोरं लाइन सोडून गेली. कुणी रिक्षा घेतली, कुणी सुरतेला साडी मार्केटात लागला. वाजवता येत नव्हतं म्हणून एकही गेला नाही. पैसा आला कधी आणि गेला कुठे, हे न कळल्यामुळे गेले.

‘तू ते घरनाच शेस’ (तू तर घरचाच आहेस)

आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक हीच. कार्यक्रमाची सुपारी द्यायला येणारा माणूस मामाच्या गावचा, नाहीतर भावाच्या वर्गातला निघतोच. रकमेचा विषय काढला की तो हसतो, “भाऊ, पैसा कोठे पयी जातस का?” (पैसे कुठे पळून जातात का?) आणि आपण गप्प. मीही गप्प बसलो होतो. हळदीचा कार्यक्रम, पाच माणसं, तोंडी ठरलेले 18,000. रात्री वाजवणं संपलं तेव्हा ज्यांनी ठरवलं ते झोपलेले, जे जागे होते त्यांना काहीच माहीत नाही. हातात 9,000, टॉवेल-टोपी आणि नारळ. गाडीभाडं आणि चार साथीदारांचे पैसे मी घरून दिले. त्या माणसाचा राग कधीच गेला, स्वतःचा अजून आहे. कारण लेखी विचारलं असतं तर तो बिथरला नसता. लाज मलाच वाटत होती.

तेव्हापासून एक मेसेज ठरलेला आहे. समोरचा कितीही जवळचा असो, सुपारी ठरली की त्याच दिवशी जातो:

‘15 फेब्रुवारी, हळद, पारोळा. संध्याकाळी 6 ते 10. कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन गायक. एकूण 20,000. बयाना 8,000 मिळाला की तारीख पक्की. उरलेले वाजवणं सुरू होण्याआधी. साउंड, जनरेटर, जेवण तुमच्याकडे. कार्यक्रम रद्द झाला तर बयाना परत नाही. तारीख पुढे गेली आणि आम्ही मोकळे असलो, तर त्याच बयान्यात येऊ.’

यातला ‘सुरू होण्याआधी’ हा शब्द सोडू नका. वरात गेल्यावर मांडवात पैसे मागणारा वादक फार केविलवाणा दिसतो. ‘6 ते 10’ही मुद्दाम आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सण-उत्सवांसाठी. तुमच्या चुलतभावाच्या हळदीसाठी नाही. पोलीस आले की ज्याच्या हातात माइक, त्यालाच आधी विचारतात.

आणि साथीदाराचे पैसे त्याच रात्री. तुमचे अडकले असले तरी. ढोलकीवाला दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पार्टीत असतो आणि तिथे तुमचं नाव कसं निघतं, हे तुमच्या वाजवण्यापेक्षा या एका गोष्टीवर ठरतं.

एप्रिलच्या कमाईवर हप्ता बांधणं

समजा, सिझनच्या सात महिन्यांत खर्च जाऊन 2,80,000 हातात आले. आपण मनात म्हणतो, महिन्याला चाळीस हजार. आणि त्या हिशोबाने नवा कीबोर्ड हप्त्यावर घेतो, बुलेटही बघून येतो. पण वर्ष बारा महिन्यांचं आहे. भागिले बारा करा: 23,333. तुमचा पगार तेवढाच. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, म्हणजे भर सिझनमध्ये महिनाभर लग्नं नाहीत.

मी दुसरं बँक खातं उघडलंय, त्याचं एटीएम कार्डच घेतलं नाही. बयान्यासकट सगळं तिथे जातं आणि एक तारखेला ठरलेली रक्कम घरखर्चाच्या खात्यात येते. बायको त्याला ‘पगार’ म्हणते. पहिल्या वर्षी चेष्टेने म्हणायची.

दुसरी गोष्ट, चातुर्मास कोरडा आहे हे अर्धंच खरं. लग्नं नसतात, गाणं असतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आपली खान्देशातली देवी, बसते. मग गणपती, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी, मध्ये नवरात्र. या दिवसांत डीजेच्या रिमिक्सपेक्षा जुनी अहिराणी गाणी येणारा माणूस शोधला जातो, आणि तो सापडत नाही. आपल्याच आज्या-मावश्यांकडून पन्नास गाणी नीट बसवून घेतली, तर हा काळ तुमचा. गिऱ्हाईकही फक्त जळगाव-धुळे-नंदुरबारात नाही. सुरत, नाशिक, पुण्याला आपली माणसं किती आहेत ते सांगायला नको. सुरतेत कानबाई थाटात बसते. तिथल्या मंडळांना जूनमध्येच फोन करा. ऑगस्टमध्ये केला तर त्यांनी दुसरा ठरवलेला असतो.

शिकवणीचंही याच काळात बघावं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षा असतात. तुमच्याकडे विशारद असेल तर पालक निर्धास्त होतात. आकाशवाणीची ऑडिशनही द्या. तिथे मिळणाऱ्या श्रेणीने पोट भरत नाही, पण शाळेत किंवा सरकारी कार्यक्रमात कागद विचारला तर दाखवायला काहीतरी असतं.

गाणं आपलं, पैसे दुसऱ्याचे

अहिराणी गाणी यूट्यूबवर धो-धो चालतात. त्यातल्या बऱ्याच गायक-संगीतकारांना मात्र रेकॉर्डिंगच्या दिवशी मिळाले तेवढेच पैसे, पुढे काही नाही. तक्रारी दोनच प्रकारच्या असतात.

पहिली: ‘माझ्याच चॅनलवर गाणं चाललं, पण कमाई दुसऱ्याला जातेय.’ बहुतेक वेळा नेटवरून उचललेला कराओके ट्रॅक असतो. तो ज्याचा आहे त्याने तो यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (कुणाचं रेकॉर्डिंग कुठे वापरलं ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवलेला, त्यामुळे दावा आपोआप लागतो. भांडून उपयोग नाही, ट्रॅक खरंच त्याचा आहे. कानबाईच्या गाण्याची पारंपरिक चाल सगळ्यांची, पण त्यावर कुणी केलेलं रेकॉर्डिंग त्याचंच. ढोलकी, संबळ, कीबोर्ड स्वतः वाजवून ट्रॅक बनवा. एक दिवस जातो, पण नंतर कटकट नाही. अजून एक, तेच गाणं दोन वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी ऑनलाइन चढवून देणाऱ्या कंपन्यांकडून) टाकू नका. तुमचाच तुमच्यावर दावा लागतो, मग महिनोन्महिने मेल लिहीत बसा.

दुसरी तक्रार: ‘चॅनलवाल्याने गाणं कायमचं घेतलं.’ खरंच घेतलं का, आधी कागद काढा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी लागतं. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तोंडी ‘देऊन टाकलं’ याला फारसा अर्थ नाही, पण न वाचता सही केलेल्या ‘कायमस्वरूपी, जगभर’ला पुरेपूर आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कुणी लिहून घेतला तरी त्याच्या हातून सुटत नाही. तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. ही संस्था म्हणजे आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी). गाणं लिहिता किंवा चाल लावता, तर सदस्य व्हा आणि प्रत्येक गाणं तिथे नोंदवा. नोंदवलं नाही तर पैसे कुणाला द्यायचे हे त्यांना कळणार कसं?

नुसतं वाजवणाऱ्यांनी रोख चोख घ्यावी आणि व्हिडिओखालच्या वर्णनात नाव टाकायला लावावं. माझी पुढची पाच-सहा कामं अशा एका ओळीतल्या नावावरून आली.

संस्थेच्या कार्यक्रमात चेक कमी आला तर लगेच आवाज चढवू नका. बहुधा 10 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापलेला असतो. तो आयकर खात्याच्या पोर्टलवर दिसतो, आणि आपलं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पॅन मात्र आधी द्या, नाहीतर 20 टक्के कापतात.

सामान आणि कान

कीबोर्ड मध्येच बंद पडला तर दहातल्या आठ वेळा अ‍ॅडॉप्टर गेलेला असतो आणि त्याला मारतो जनरेटर. लाइट जाऊन जनरेटर सुरू होताना व्होल्टेज उडी मारतं. छोटा स्टॅबिलायझर आणि एक जादा अ‍ॅडॉप्टर पिशवीत ठेवा. तबला-ढोलकी मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. भुसावळच्या उन्हात कोरड्या हवेने पान ताणलं जातं, सूर चढतो आणि एखाद्या दिवशी शाईच तडकते.

कानाबद्दल कुणी बोलत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो. त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला चार तास, 91 ला दोन. 100 डेसिबलला पंधरा मिनिटं, आणि डीजेशेजारी शंभर काहीच नाही. माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, कारण स्पीकर कायम डावीकडे असायचा. आता वादकांचे इअरप्लग घालतो. पहिल्या दोन कार्यक्रमांत सूर लांबून आल्यासारखा वाटला, मग सवय झाली. स्पीकर आपल्या पुढच्या रेषेत ठेवायला साउंडवाल्याला सांगा, तो कुरकुरला तरी. आणि कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) जुलैत करा, लग्नं नसतात तेव्हा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी केली तर थकलेल्या कानाचा आकडा येतो.