बुबुळ बघून तब्येत सांगतात म्हणे, मग घरी डोळा कसा बघायचा आणि त्यातलं काय खरं धरायचं

मी 11 वर्षं झाली नाशकात चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो, दिवसाला पंधरावीस डोळे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, अगदी जवळून बघतो, आणि हल्ली महिन्यातून एखादा तरी माणूस मोबाईलमध्ये बुबुळाचा मोठा केलेला फोटो घेऊन येतो आणि म्हणतो भाऊ हे बघा, या डागामुळे माझी किडनी वीक आहे असं सांगितलंय, खरंय का? म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

आधी बघायचं कसं ते. सकाळी खिडकीपाशी माणसाला असं बसवा की उजेड बाजूने येईल, समोरून नाही, कारण समोरून आला की बुबुळावर नुसती खिडकीच दिसते. फ्लॅश मारू नका. मागचा कॅमेरा वीतभर लांब धरून झूम करा, फार जवळ नेला तर फोकसच होत नाही. दोन्ही डोळ्यांचे दोनदोन फोटो घ्या आणि कुठला उजवा ते लगेच लिहून ठेवा, नंतर घोळ होतो.

मधली काळी ती बाहुली, तिच्याभोवतीचं रंगीत वर्तुळ म्हणजे आयरिस. बाहुलीपासून थोड्या अंतरावर एक दातेरी कडं दिसेल. आपले डोळे बहुतेक गडद तपकिरी, त्यामुळे निळ्या डोळ्यात दिसतात तसे धागे दिसत नाहीत, मखमलीसारखं सपाट दिसतं. कडेच्या बाजूला गोल गोल घड्या असतात, शर्टाची बाही वर सारल्यावर पडतात ना तशा. तीळ असावा तसे एकदोन तपकिरी ठिपकेही असू शकतात.

आता आयरिडॉलॉजीवाले, म्हणजे बुबुळ बघून तब्येत सांगणारे, हे कसं वाचतात बघा. आयरिसचं घड्याळ करायचं, उजवा डोळा शरीराची उजवी बाजू, डावा डोळा डावी, 12 च्या जागी मेंदू, खाली 6 च्या आसपास पाय आणि किडनी, बाहुलीला लागून पोट-आतडी, डाव्या डोळ्यात 3 च्या जवळ हृदय. 19 व्या शतकात हंगेरीतल्या इग्नाझ फॉन पेक्झेली या डॉक्टरांनी हे सुरू केलं, लहानपणी त्यांच्याकडून एका घुबडाचा पाय मोडला आणि त्याच्या डोळ्यात रेघ उमटलेली दिसली अशी गोष्ट सांगतात. पुढे अमेरिकेतल्या बर्नार्ड जेन्सन यांचा तक्ता जगभर गेला. त्या मघाच्या गोल घड्यांना हे लोक नर्व्ह रिंग म्हणतात आणि टेन्शनची खूण समजतात, खरं तर बाहुली दिवसभर लहानमोठी होते त्याच्या त्या घड्या आहेत, धडधाकट माणसालाही असतात.

हे तपासून बघितलेलं आहे बरं का. 1979 साली अमेरिकेत 143 जणांच्या डोळ्यांचे फोटो तीन आयरिडॉलॉजिस्टना दाखवले, त्यातल्या काहींना किडनीचा आजार होता, पण कुणाला आहे आणि कुणाला नाही हे त्यांना ओळखता आलं नाही. 1988 ला नेदरलँड्समध्ये पित्ताशयाचे 39 पेशंट आणि 39 पित्ताशयाचा त्रास नसलेले, फोटो वाचणारे पाच आयरिडॉलॉजिस्ट, तिथेही त्यांना ओळखता आलं नाही.

आणि एवढं लांब कशाला जायचं, आधार काढताना आपण त्या मशीनमध्ये डोळे लावून बसलो होतो ते आठवा. आयरिसची नक्षी वर्षानुवर्षं तशीच राहते म्हणून तर ती ओळख म्हणून घेतात. पित्त झालं, बद्धकोष्ठ झालं म्हणून ती बदलत असती तर रेशनच्या दुकानात कुणाचंच आधार जुळलं नसतं.

तरी कुणाकडे जायचंच असेल तर एक करा. घरातल्या चौघांचे फोटो घ्या, त्यातल्या एकाचे दोन वेगवेगळे घ्या, नावं-वयं काही सांगू नका आणि ते पाच फोटो दोन वेगळ्या ठिकाणी दाखवा. एकाच माणसाच्या दोन फोटोंवर एकच उत्तर येतंय का, आणि दोन्हीकडचं जुळतंय का ते बघा, पैसे नंतर द्या.

आता खरं काय बघायचं. माझं म्हणणं असं की रंगीत वर्तुळ सोडा आणि त्याच्या आजूबाजूला बघा. पांढरा भाग पिवळसर वाटला तर कावीळ. खालची पापणी बोटाने हलकेच ओढा, आतून गुलाबी ऐवजी फिकट दिसली तर हिमोग्लोबिन तपासा, बायकांचं तर आवर्जून. बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढरं कडं म्हाताऱ्या माणसांत असतंच, त्याला घाबरू नका, पण चाळिशीच्या आत दिसलं तर कोलेस्टेरॉल तपासून घ्या. नाकाच्या बाजूने बुबुळावर मांस चढताना दिसलं तर ते ऊन-धुळीचं, दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागेत राबणारे बरेच जण ते घेऊन येतात, लिव्हरशी त्याचा संबंध नाही. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि एक पांढरा चमकत असेल तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या, थांबू नका. आणि अचानक एक बाहुली मोठी एक लहान, सोबत डोकं दुखतंय किंवा पापणी पडलीय, तर सरळ हॉस्पिटल, रात्र असली तरी.

शुगर मात्र अशी बाहेरून कळत नाही. माझी सिडकोतली मावशी एका शिबिरात गेली, तिथे बुबुळाचा फोटो काढून सांगितलं की स्वादुपिंडाची जागा स्वच्छ आहे, गोळ्या सोडा, हे चूर्ण घ्या. तिने पाच महिने गोळ्या सोडल्या, मला बोलली पण नाही. मग एक दिवस म्हणाली, अरे पेपरातली अक्षरं मधेच तुटतात. मी तिला स्लिट लॅम्पवर बसवलं, आयरिस जशी होती तशीच, माझ्याकडे तिचा दोन वर्षांपूर्वीचा फोटो होता, शेजारी ठेवून बघितला, काडीचा फरक नाही. आणि डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे ड्रॉप टाकून डोळ्याच्या आतला, मागचा पडदा बघितला तर तिथे रक्ताचे ठिपके. शुगर फारच पुढे गेल्यावर बुबुळावर बारीक नवीन रक्तवाहिन्या येतात हे खरं, पण तोवर आतलं बरंच नुकसान झालेलं असतं, आणि गडद डोळ्यात त्या मोबाईलच्या फोटोत दिसणं कठीण. मावशीला लेझर करावं लागलं, गोळ्या परत सुरू आहेत, पेपर वाचते आता, जरा जवळ धरून.

तेव्हा शुगर असेल तर वर्षातून एकदा पडदा तपासायचा, दुखत नसलं, स्वच्छ दिसत असलं तरी. सिव्हिलला किंवा कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा की ड्रॉप टाकून पडदा बघायचाय, नुसता नंबर नको. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं आणि शेवटचा शुगरचा रिपोर्ट सोबत न्या. ड्रॉप टाकल्यावर चारसहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून स्कूटर घेऊन जाऊ नका, रिक्षाने जा, काळा गॉगल न्या आणि घरचं कुणीतरी बरोबर असू द्या.